माहीममध्ये राहायला येताय? आधी वार पाठ करा

माहीमला भाड्याने घर शोधणारे बहुतेक जण नकाशा बघून येतात. बांद्रा-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीला, नोकरी, दादर पुढच्याच टप्प्यावर, समुद्र चालत गाठण्यासारखा आणि भाडं बांद्र्यापेक्षा बरं. हिशेब चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. उरलेला अर्धा कॅलेंडरवर असतो. इथे जवळजवळच चर्च, दर्गा आणि देवीचं देऊळ आहे, आणि गर्दीचे वार ठरलेले आहेत. सोमवारी दहा मिनिटांत कापलेलं अंतर बुधवारी संध्याकाळी टॅक्सीत बसून मोजत राहावं लागतं. मासळीचा भाव, रस्त्यावरची गर्दी, रात्रीचा आवाज, मोलकरणीची सुट्टी, सगळं वारावर आणि तिथीवर चालतं. ते कळलं की माहीमसारखी सोयीची वस्ती शोधून सापडायची नाही.

पुढचं सगळं साधारण त्याच क्रमाने लिहिलं आहे, ज्या क्रमाने नव्या माणसाला त्याची गरज पडते.

१. हद्द समजून घ्या

उत्तरेला मिठी नदीची खाडी, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला रेल्वेचे रूळ आणि रुळांपलीकडे धारावी. दक्षिणेला माहीम कुठे संपतं आणि शिवाजी पार्क कुठे सुरू होतं, हे मात्र तुम्ही कोणाला विचारता यावर आहे. दलालाला विचाराल तर शिवाजी पार्क फार लांबवर पसरलेलं आहे. घरात उभं राहून माहीम स्टेशनातली घोषणा ऐकू येत असेल, तर भाडं शिवाजी पार्कचं देऊ नका.

दोन मोठे रस्ते लक्षात ठेवले की पुरे. एक लेडी जमशेटजी रोड, ज्याला सगळे एल. जे. रोड म्हणतात, दुसरा समुद्राच्या बाजूचा वीर सावरकर मार्ग, ज्याला जुनी माणसं आणि जुने टॅक्सीवाले अजून कॅडल रोड म्हणतात. रस्ता विचारताना दोन्ही नावं येत असलेली बरी. एल. जे. रोडचं नाव जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाईंवरून पडलं. माहीम आणि बांद्रा जोडणारा कॉजवे त्यांनी दिलेल्या पैशातून बांधला गेला आणि १८४५ मध्ये खुला झाला. तोवर खाडी होडीने ओलांडायची.

२. घर पाहताना

माहीममध्ये ढोबळमानाने चार तऱ्हेची घरं मिळतात: जुनी चाळ, जुनी तीन-चार मजली इमारत, पुनर्विकासातून उभा राहिलेला टॉवर आणि कोळीवाड्याच्या अंगाची छोटी घरं. टॉवरबद्दल सांगण्यासारखं काही नाही, तिथे पैसे बोलतात. जुन्या इमारतीबद्दल मात्र सावध राहा.

इथल्या जुन्या इमारतींतल्या बऱ्याच खोल्या पागडीच्या आहेत. पागडीवाला स्वतः भाडेकरू असतो, मालक वेगळा. पागडीवाल्याने मालकाच्या लेखी परवानगीशिवाय तुम्हाला घर दिलं, तर उद्या भांडण त्या दोघांचं आणि रस्त्यावर तुम्ही. म्हणून घर दाखवणाऱ्याला पहिल्याच भेटीत विचारा, ‘ओनरशिप की पागडी?’ उत्तर गुळमुळीत आलं तर पुढचं घर बघा.

३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या अशा बऱ्याच इमारती उपकरप्राप्त, म्हणजे बोलीभाषेत सेसच्या आहेत. त्यांची डागडुजी म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे असते, आणि पावसाळ्याच्या तोंडावर मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं. ती वाचा. जिन्याखाली लाकडी किंवा लोखंडी टेकू लावलेले दिसले तर यादी वाचायचीही गरज नाही. इमारत पुनर्विकासाला जाणार आहे का, हेही विचारा. पर्यायी जागेचं भाडं घरमालकाला किंवा पागडीवाल्याला मिळतं, लिव्ह अँड लायसन्सवाल्याला, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर राहणाऱ्या तुम्हाला, फक्त नोटीस.

आता नको वाटणारी गोष्ट. माहीम मिश्र आहे, याचा अर्थ प्रत्येक इमारत मिश्र आहे असा नाही. गल्ली मिश्र असते, जिना बहुतेक वेळा एकाच समाजाचा असतो. दलाल फोनवर आधी आडनाव विचारेल, मग ‘नॉनव्हेज?’, मग ‘फॅमिली की बॅचलर?’. काही इमारतींत मुसलमानाला घर मिळत नाही, काहींत मासे शिजवणाऱ्याला, काहींत एकट्या राहणाऱ्या मुलीला. यात अभिमान वाटण्यासारखं काही नाही, पण नव्या माणसाने ते माहीत असल्याशिवाय टोकन देऊ नये. खाण्यापिण्याचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचं पहिल्याच फोनवर स्पष्ट बोला. मालक हो म्हणाला तरी सोसायटीचा सेक्रेटरी अडवू शकतो. त्याला समक्ष भेटूनच पैसे द्या.

आणि घर दोनदा बघा. एकदा बुधवारी संध्याकाळी, म्हणजे रस्त्याचं खरं रूप कळेल. दुसऱ्यांदा ओहोटीच्या वेळी, विशेषतः घराची खिडकी खाडीकडे असेल तर. भरतीला जो ‘सी व्ह्यू’ असतो त्याला ओहोटीला वास असतो.

३. करार

इथे फार बोलण्यासारखं नाही, नियम सरळ आहेत. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं कायद्याने सक्तीचं आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. बहुतेक जण अकरा महिन्यांचा करतात. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, मुंबईत नोंदणी फी १,००० रुपये; नोंदणी घरबसल्या होते, एजंट आधार आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन येतो. खर्च मालकाने आणि तुम्ही निम्मा निम्मा करायचा अशी रीत आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायची असते, तीही ऑनलाइन होते; पावतीची प्रत स्वतःकडे ठेवा. दलाली साधारण एका महिन्याचं भाडं. सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल मालकाकडून जे जादा पैसे घेते, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. ते मालकाने भरायचे असतात. तुमच्या गळ्यात मारले तर हा आकडा सांगा.

नोंदणीकृत करार हातात आला की त्याच आठवड्यात आधारवरचा पत्ता, गॅस आणि बँक उरकून घ्या. नंतर राहून जातं.

४. पाणी आणि कचरा

मुंबईत महापालिकेचं पाणी दिवसभर येत नाही, ठरावीक वेळेला येतं. टॉवरमध्ये टाकी असल्यामुळे ते जाणवत नाही. जुन्या इमारतीत ‘पाणी किती वाजता येतं आणि वरच्या मजल्यावर चढतं का’ हा प्रश्न भाड्याच्या आधी विचारा, आणि मालकाला न विचारता शेजारणीला विचारा. ओला आणि सुका कचरा वेगळा द्यायचा. माशाचं पाणी आणि काटे रात्रभर घरात ठेवू नका. सकाळी कचरेवाला येण्याआधीच मासे साफ होतील असं बघा. महापालिकेचा इथला वॉर्ड जी उत्तर. त्याचं कार्यालय दादरला, प्लाझा सिनेमाच्या मागे.

५. ये-जा

माहीम स्टेशनात पश्चिम रेल्वेच्या धिम्या गाड्या थांबतात, जलद थांबत नाहीत. जलद हवी तर दादर किंवा बांद्रा गाठा. हार्बरच्या गाड्याही इथून जातात, त्यामुळे सीएसएमटीला न बदलता जाता येतं. पनवेलकडे जायचं तर वडाळ्याला बदला. मेट्रो ३ चं शितलादेवी मंदिर स्टेशन मे २०२५ मध्ये सुरू झालं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून गाडी थेट कफ परेडपर्यंत जाऊ लागली. बीकेसी दोनच स्टेशनं. बुधवारी आणि पावसात मेट्रोसारखं दुसरं काही नाही.

रिक्षाचं आधीच समजून घ्या. रिक्षा उपनगरात चालते, शहरात नाही, आणि माहीम शहराच्या टोकावर आहे. अंधेरीहून रिक्षाने येताना ‘माहीम’ म्हटलंत तर रिक्षावाला मान हलवेल. तो तुम्हाला बांद्र्याला उतरवणार. पुढे टॅक्सी किंवा बेस्टची बस. काळी-पिवळी टॅक्सीचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये आहे.

स्टेशनातून पश्चिमेला उतरलात तर माहीम, पूर्वेला उतरलात तर धारावी. पूर्वेला पाय न टाकता वर्षं काढणारे माहीमकर आहेत आणि त्यांचं नुकसानच आहे. चामड्याच्या पिशव्या आणि पाकिटं तिथल्या दुकानांत घ्या. दिवाळीच्या पणत्यांसाठी कुंभारवाड्यात जा. सौराष्ट्रातून आलेले कुंभार तिथे पिढ्यान्पिढ्या चाक फिरवत आहेत. दारात वाळत घातलेल्या पणत्यांमधून वाट काढत जायचं, पायाखाली बघून.

६. आठवडा

बुधवार सेंट मायकल चर्चचा. चर्चचा इतिहास १५३४ पर्यंत मागे जातो, सध्याची इमारत मात्र १९७० च्या दशकातली आहे. बुधवारची नोव्हेना, म्हणजे मागणं मागण्याची खास प्रार्थना, १९४८ पासून चालू आहे. पहाटेपासून रात्रीपर्यंत एकामागून एक प्रार्थना होतात, इंग्रजी, कोकणी, मराठी, हिंदी, तमिळ अशा वेगवेगळ्या भाषांत. रांगेत गळ्यात क्रॉस असलेल्या बाईच्या मागे मंगळसूत्रवाली असते आणि तिच्या मागे बुरख्यातली. बाहेर मेणाच्या वस्तू विकायला बसतात: हात, पाय, बाळ, घर. ज्याचा जो नवस, त्याची ती मेणाची वस्तू. घर शोधून थकलेल्यांसाठी मेणाचं घरही मिळतं. तुम्ही नवस बोला किंवा बोलू नका, पण बुधवारी संध्याकाळी कॉजवेकडे जाणारी टॅक्सी करू नका.

गुरुवार-शुक्रवार मखदूम अली माहिमी यांच्या दर्ग्याचे. गुरुवारी संध्याकाळी जियारतीला, म्हणजे मजारीच्या दर्शनाला, गर्दी, शुक्रवारी दुपारी नमाजाची. मखदूमसाहेब चौदाव्या-पंधराव्या शतकातले विद्वान, कुराणावर अरबीत भाष्य लिहिणारे. १४३१ मध्ये वारले. कोकणी मुसलमानांना त्यांचा विशेष अभिमान. दर्ग्याच्या मागच्या-पुढच्या गल्ल्यांत खाण्याची चैन आहे. कापड बाजारात जोशी बुढाकाकांचा माहीम हलवा मिळतो. तो चौकोनी, कागदाइतका पातळ आणि दोन थरांमध्ये खरंच कागद घातलेला असतो. पाहुण्यांना सांगा, नाहीतर कागदासकट खातात.

शितलादेवीचं देऊळ एल. जे. रोडवरच आहे. पूर्वी गोवर-कांजिण्या झालेल्या पोरांना इथे आणायचे. आवारात खोकलादेवीही आहे. डॉक्टरकडे जाऊन आल्यावर तिलाही भेटणारे अजून आहेत. मंगळवारी मात्र गर्दी इथे नसून खाली प्रभादेवीला सिद्धिविनायकाकडे असते. दादरपर्यंत टॅक्सीने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

७. मासळी

माहीमला येऊन मासे पाकिटातले मागवणं म्हणजे विहिरीवर राहून बाटलीचं पाणी पिणं. सिटीलाइटच्या बाजारात जा, पिशवी बरोबर घ्या.

पहिल्यांदा जाल तेव्हा एक चक्कर नुसती मारा. भाव विचारत सुटू नका, डोळ्यांनी बघा. पापलेटचा कल्ला वर करून दाखवायला सांगा. आत लालभडक असलं पाहिजे, तपकिरी नको. डोळा फुगीर आणि चकचकीत हवा. बोंबील बोटाने दाबून बघायचे नसतात, नुसते बघायचे. दाबलेत तर मावशी तुमच्याकडे परत बघणार नाही. मांदेली, कोलंबी, बोंबील वाट्यावर मिळतात. ‘वाटा कसा लावला?’ असं विचारा. तिने तीनशे म्हटलं तर ‘दोनशे’ म्हणून चालते होऊ नका, ‘मावशी, दोन वाटे घेतो, नीट लाव’ म्हणा. ती वरून चार कोलंब्या टाकेल, आणि पुढच्या वेळी तुमचा चेहरा लक्षात ठेवेल. भाव पाडण्यापेक्षा हा सौदा फायद्याचा. सकाळी भवानीच्या आधी फार घासाघीस करू नये, आणि भाव विचारून, कापायला लावून मग ‘नको’ तर कधीच म्हणू नये.

भाव कॅलेंडर बघून समजतो. रविवारी महाग, सोमवारी आणि गुरुवारी गिऱ्हाईक पातळ, संकष्टीला आणखी पातळ. आषाढ अमावास्येच्या, म्हणजे गटारीच्या, आदल्या रविवारी बाजारात जाऊच नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. तेव्हा मिळणारा पापलेट बहुतेक बर्फातला. त्या दोन महिन्यांत सुके बोंबील, जवळा आणि सोडे यांवर भागवावं, तेही आधीच भरून ठेवलेले. आणि ऑगस्टमध्ये गंमत होते: बंदी उठलेली असते, माल येऊ लागलेला असतो आणि अर्धा मराठी माहीम श्रावण पाळत असतो. श्रावण न पाळणाऱ्यांची तेव्हा चंगळ.

८. वर्षाचे कठीण आठवडे

रमजानमध्ये दर्ग्याकडच्या गल्ल्या रात्री जाग्या होतात. खायला जायचं तर इफ्तारची गर्दी ओसरू द्या, रात्री उशिरा जा. घर त्याच गल्लीत असेल तर महिनाभर झोप उशिरा येईल, हे धरून चाला. सप्टेंबरमध्ये बांद्र्याला मोतमाउलीची, म्हणजे माउंट मेरीची, जत्रा आठवडाभर असते आणि कॉजवे तुंबतो. त्याच्या आगेमागे गणपती. दीड दिवस, पाच, सात आणि अनंत चतुर्दशी या विसर्जनाच्या दिवशी समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यांवर गाडी उभी ठेवू नका, उचलून नेतात.

डिसेंबर वेगळाच. ६ तारखेला महापरिनिर्वाण दिनी दादरच्या चैत्यभूमीवर लाखो लोक येतात. दोन-तीन दिवस आधीपासून शिवाजी पार्क परिसरातले रस्ते वाहनांना बंद असतात, पोलिसांचा बंदोबस्त सगळीकडे असतो. तेव्हा पायी जा आणि शिवाजी पार्कात भरणारे पुस्तकांचे स्टॉल बघा. दत्तजयंतीच्या आगेमागे माहीमच्या दर्ग्याची दहा दिवसांची जत्रा भरते. तिची मानाची पहिली चादर मुंबई पोलिसांची. वर्दीतले अधिकारी बँडसकट मिरवत नेतात. मग संदल, ढोल, आकाशपाळणे, खाजा, हलवा. तेवढ्यात नाताळ येतो आणि ख्रिस्ती गल्ल्यांत कंदील लागतात. सामान हलवायचा टेम्पो डिसेंबरात बोलावू नका. घर डिसेंबरपासून मिळत असेल तर चावी घ्या आणि सामान जानेवारीत आणा.

९. शेजार

‘मावशी’, ‘काका’ सगळीकडे चालतं. ख्रिस्ती घरांत ‘अंकल-आंटी’, दर्ग्याकडे ‘चाचा’. भाषा मिसळते. कोकणी मुसलमान घरात जे बोलतात ते ऐकून रत्नागिरीचा माणूस चमकतो, कारण ते त्याच्या गावच्या बोलीच्या फार जवळ असतं. कोळीवाड्यातलं मराठी वेगळ्या सुराचं. पहिल्या दिवशी मराठीत सुरुवात करा, समोरच्याची गाडी कोणत्या रुळावर जाते ते बघा.

सणाला ताट फिरतं: ईदला शीरखुर्मा, नाताळात कलकल आणि केक, दिवाळीला फराळ. आलेलं ताट रिकामं परत करत नाहीत. शेजारी शाकाहारी असेल तर फराळाचा डबा वेगळ्या भांड्यात द्यावा, एवढं भान पुरे.

एक विषय स्वतःहून काढू नका. १९९२-९३ ची दंगल माहीमने पाहिली आहे आणि ११ जुलै २००६ ला लोकलमध्ये झालेल्या स्फोटांपैकी एक माहीम स्टेशनाजवळ झाला. जुन्या माणसांपैकी कोणाचं काय गेलं ते तुम्हाला ठाऊक नसतं. ते स्वतः बोलले तर ऐका.

लाउडस्पीकरवरून भांडण काढायचं असेल तर रात्री दहानंतर काढा. दहा ते सहा बंदी आहे, सरकारने सवलत दिलेले ठरावीक दिवस सोडून. मात्र मंडळाच्या पोरांशी आधी दिवसाउजेडी ओळख करून घेतलेली असेल, तर एका फोनवर आवाज खाली येतो. वर्गणी द्या, पावती घ्या.

१०. पाऊस

पाऊस किती पडला यापेक्षा भरती किती वाजता आहे ते बघा. भरती साडेचार मीटरच्या वर आणि त्याच वेळी जोराचा पाऊस असेल, तर पाणी समुद्रात जायला जागा नसते आणि सखल रस्त्यांवर साचतं. महापालिका पावसाळ्यापूर्वी मोठ्या भरतीचे दिवस आणि वेळा जाहीर करते. तो कागद फ्रीजवर लावा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठीने दोन्ही काठ सोडले. तळमजल्यावर घर घेणार असाल तर शेजाऱ्यांना विचारा, ‘तेव्हा पाणी कुठवर आलं होतं?’ बरेच जण भिंतीवर हात ठेवून दाखवतील.

भरतीच्या दिवशी ऑफिसातून लवकर निघा किंवा उशिरा निघा, मधल्या वेळेत निघू नका. दुचाकी उंचवट्यावर लावा. झाड पडलं, पाणी तुंबलं, गटाराचं झाकण उघडं दिसलं, तर १९१६ वर महापालिकेला फोन करा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. तो क्रमांक नसेल तर वॉर्डात विचारायला गेल्यावर तुमची तक्रार झालीच नाही असं धरलं जातं.